गाडी तपासली, पण कोणासाठी?

आज आम्ही तुम्हाला एका टीव्ही कार्यक्रमाची गोष्ट सांगणार आहोत. कार्यक्रम मोटारींचा. नव्या गाड्या चालवून बघायच्या, त्या कशा आहेत ते लोकांना सांगायचं, मधूनमधून शर्यतींचा वृत्तान्त द्यायचा, असं त्याचं काम. नाव ‘टॉप गिअर’. तुमच्यापैकी काहींच्या घरी मुलांनी तो मोबाईलवर पाहिला असेल. तीन पुरुष, सुसाट गाड्या, टायरांचा धूर आणि थट्टामस्करी, एवढं चित्र डोळ्यांसमोर येतं. हे काही आपल्या कामाचं नाही, असं म्हणून आपण भाजी निवडायला घेतो.

पण या कार्यक्रमाच्या पहिल्या दोन सूत्रधारांपैकी एक बाई होती. तारीख होती २२ एप्रिल १९७७ आणि गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. त्या कार्यक्रमात वेगापेक्षा वेगळीच विचारपूस चालायची. गाडी पेट्रोल किती पिते, रस्ता कसा आहे, पट्टा बांधायचा की नाही, जुनी गाडी घेताना काय बघायचं, असे ते प्रश्न. म्हणजे घर चालवणारी बाई बाजारात जे विचारते तेच. पुढे हे प्रश्न मागे पडत गेले. ते कसे, आणि त्याचं आपल्याला काय, हे आज बघू.

आधी त्या गावाची ओळख करून घेऊ. इंग्लंडच्या मध्यभागातला बर्मिंगहॅमचा परिसर म्हणजे आपल्याकडचं पिंपरी-चिंचवड आणि चाकण समजा. शहराच्या लाँगब्रिज भागात ऑस्टिनचा अवाढव्य कारखाना, जवळच सोलिहलला लँड रोव्हर, तिकडे कॉव्हेंट्रीला जग्वार. घरटी कुणी ना कुणी गाड्यांच्या कारखान्यात किंवा सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये. आज जग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही टाटांच्या मालकीचे आहेत. २००८ साली टाटा मोटर्सने ते विकत घेतले. सत्तरच्या दशकात मात्र तिथले कारखाने संप, तोटा आणि परदेशी गाड्यांची स्पर्धा यांनी बेजार झाले होते. त्यात १९७३ चं तेलसंकट येऊन गेलं होतं. पेट्रोल महागलं होतं. इंधन वाचावं म्हणून सरकारने रस्त्यांवरची वेगमर्यादासुद्धा खाली आणली होती. सामान्य माणूस गोंधळला होता. गाडी घ्यावी तर कुठली, आणि घेतलेली परवडायची कशी?

गाड्यांच्या या जगात तेव्हा बाया नव्हत्या का? होत्या, पण दिसत नव्हत्या. दोन उदाहरणं देतो.

पहिलं लंडनजवळच्या डॅगनहॅमचं. तिथे फोर्डच्या कारखान्यात १८७ बायका शिलाई मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. कंपनीने त्यांचं काम बिनकौशल्याचं ठरवलं आणि मजुरी पुरुषांपेक्षा कमी लावली. शिवणकाम ज्यांनी केलंय त्यांना हे ऐकूनच राग येईल. गाडीच्या सीटचं कव्हर म्हणजे काही उशीचा अभ्रा नव्हे. जून १९६८ मध्ये या बायकांनी मशीनवरून पाय काढला. कव्हरं नाहीत तर सीट नाही, सीट नाही तर गाडी नाही. तीन आठवड्यांत कारखाना ठप्प. संप मिटवायला मंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या. पगार वाढून पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर आला, आणि या लढ्यामुळे १९७० साली समान वेतनाचा कायदा झाला. आपलं काम कौशल्याचं आहे, हे कागदोपत्री मान्य करून घ्यायला मात्र त्यांना १९८४ उजाडलं, तेही पुन्हा संप केल्यावर.

दुसरं उदाहरण याच बार्बरा कॅसल यांचं. १९६५ च्या शेवटापासून १९६८ पर्यंत त्या ब्रिटनच्या वाहतूकमंत्री होत्या. १९६६ साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ७,९८५ माणसं मेली होती. कॅसलबाईंनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी श्वासाची चाचणी आणली. ताशी ७० मैलांची मर्यादा कायमची केली. नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटना पट्टे बसवण्याचा नियमही त्यांच्याच काळातला. आणि मैत्रिणींनो, या बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती! त्यावरून त्यांची भरपूर टिंगल झाली. जिला गाडी येत नाही ती आम्हाला काय शिकवणार, असा सूर होता. पण गाडीखाली कोण येतं, गाडीत कोण मरतं आणि मागे घर कसं उघडं पडतं, हे कळायला लायसन कशाला लागतं?

आता येऊ टीव्हीकडे. बीबीसीचं बर्मिंगहॅममधलं केंद्र ‘पेबल मिल’ नावाने ओळखलं जायचं. तिथल्या डेरेक स्मिथ या निर्मात्याने त्या भागापुरता एक कार्यक्रम आखला. अर्ध्या तासाचा, महिन्यातून एकदा. त्याचं नाव ‘टॉप गिअर’, म्हणजे गाडीचा सगळ्यात वरचा गिअर. सूत्रधार दोघं. एक टॉम कॉइन, जे तिथल्या स्थानिक बातम्यांतून घरोघरी ओळखीचे होते. दुसऱ्या अँजेला रिपन.

अँजेला रिपन कोण होत्या हे जरा सविस्तर सांगायला हवं. बीबीसीच्या राष्ट्रीय टीव्ही बातम्या बाईने वाचणं त्या काळात सोपं नव्हतं. १९६० साली नॅन विंटन नावाच्या बाईंना ती संधी मिळाली होती. पण बातम्या वाचायला बाई बरी वाटत नाही, असं प्रेक्षकांचं म्हणणं असल्याचं सांगून त्यांना थोड्याच काळात बाजूला केलं गेलं. त्यानंतर तब्बल १५ वर्षांनी, १९७५ साली, अँजेला रिपन नियमितपणे राष्ट्रीय बातम्या देऊ लागल्या. पत्रकारितेतून वर आलेल्या, स्वच्छ आवाजाच्या, ठाम बोलणाऱ्या. १९७६ च्या नाताळात एका विनोदी कार्यक्रमात त्या बातम्यांच्या टेबलामागून उठल्या आणि चक्क नाचल्या. देशभर चर्चा झाली. चर्चा कशाची, तर बाईंचे पाय छान आहेत याची! एवढी वर्षं बातमीदारी केली त्याचं काही नाही.

आणि त्यानंतर चारच महिन्यांनी त्या टीव्हीवर स्टिअरिंग हातात धरून दिसल्या. पहिल्याच कार्यक्रमात त्या लंडनकडून बर्मिंगहॅमला एम-१ या महामार्गाने गाडी चालवत आल्या. वाटेत रस्त्याची अवस्था काय आहे, कुठे कामं चालली आहेत, गाडीवाले रस्त्याकडेच्या उपाहारगृहांत काय खातात, हे सांगत सांगत. विचार करा, मोटारींच्या कार्यक्रमाचं पहिलं पाऊल आणि त्यात खाण्याची चौकशी! पण लांबच्या प्रवासाला लहान मुलं घेऊन निघालेल्या बाईला विचारा, गाडीचा वेग आधी की वाटेत बरं खायला आणि स्वच्छ मोरी कुठे मिळेल ते आधी?

त्या काळच्या भागांत नव्या गाड्या चालवून बघणं असायचंच. गाडी तपासणं म्हणजे नेमकं काय, तेही थोडं समजून घेऊ. उभी गाडी ठरावीक वेग किती सेकंदांत गाठते, हे मोजतात. ब्रेक दाबल्यावर ती किती अंतरात थांबते, हे मोजतात. एका गॅलनमध्ये किती मैल जाते, हे बघतात. मग न मोजता येणाऱ्या गोष्टी असतात. क्लच जड आहे का? सीट पुढे ओढली तर गुडघे डॅशबोर्डला लागतात का? मागचं नीट दिसतं का? डिकीत सामान किती मावतं? पहिल्या प्रकारच्या गोष्टी आकड्यांत सांगता येतात म्हणून त्या मोठ्या वाटतात. रोज गाडी वापरणाऱ्याचं सुखदुःख मात्र दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींत असतं. जुन्या ‘टॉप गिअर’मध्ये दोन्हींना जागा होती. शिवाय विमा, जुन्या गाड्यांची खरेदी, पोलिसांचे नियम, सुट्टीतला प्रवास हे विषय असायचे. कार्यक्रम लोकांना आवडला. १९७८ पासून तो बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर देशभर दिसू लागला, तोही आठवड्याला.

त्याची ओळखीची धून ‘जेसिका’ नावाची. ती अमेरिकेतल्या ऑलमन ब्रदर्स बँडने १९७३ साली केली होती. त्यांचा गिटारवादक डिकी बेट्स घरी चाल जुळवत बसला होता, आणि त्याची तान्ही लेक त्या तालावर डुलायला लागली. तिचंच नाव धुनेला दिलं. पुढे जगभर ज्या धुनेवर गाड्या धुरळा उडवत धावल्या, ती मुळात एका बाळाच्या नावाची धून आहे.

त्याच वेळी आपल्याकडे काय होतं? १९७७ साली आपल्या रस्त्यांवर मुख्यतः दोनच मोटारी होत्या. एक अ‍ॅम्बॅसेडर, दुसरी आपल्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी. अ‍ॅम्बॅसेडर तर मूळची इंग्लंडचीच, मॉरिस ऑक्सफर्ड नावाच्या गाडीवरून घेतलेली. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. जिथे निवडायलाच काही नाही तिथे तपासून सांगणारा कार्यक्रम कशाला हवा? गाडी मिळाली की हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि पेढे वाटायचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू निवड सुरू झाली. निवडीबरोबर प्रश्न विचारायची सवय मात्र आपोआप येत नाही. ती लावून घ्यावी लागते.

अँजेला रिपन पहिल्या काही मालिकांनंतर दुसऱ्या कामांकडे वळल्या. पण कार्यक्रमात बाया राहिल्या. १९८० पासून १९९१ पर्यंत सू बेकर या पत्रकार बाईंनी त्यात शंभराहून अधिक भागांत काम केलं. त्या ‘ऑब्झर्व्हर’ या मोठ्या साप्ताहिक वर्तमानपत्राच्या मोटार विभागाच्या संपादक होत्या. म्हणजे शोभेला उभी केलेली बाई नव्हे, तर गाडीचं बॉनेट उघडून बोलू शकणारी जाणकार. २०२२ साली त्या वारल्या. आज ‘टॉप गिअर’ म्हटल्यावर दहा नावं घेणाऱ्यांनाही सू बेकर आठवत नाहीत.

शर्यतींचंही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये दर नोव्हेंबरला ‘आरएसी रॅली’ नावाची मोठी रॅली व्हायची. रॅली म्हणजे गोल मैदानातली शर्यत नव्हे. जंगलातले चिखलाचे, दगडांचे, वळणावळणाचे रस्ते. गाड्या एकामागून एक सोडायच्या आणि घड्याळ लावायचं. चालकाशेजारी सहचालक बसतो आणि हातातल्या टिपणांवरून पुढचं वळण ओरडून सांगतो. ऐंशीच्या दशकात ‘टॉप गिअर’ची मंडळी या रॅलीचा वृत्तान्त वेगळ्या कार्यक्रमातून द्यायची.

त्याच दशकाच्या सुरुवातीला एका फ्रेंच बाईने रॅलीचं जग हलवून सोडलं. तिचं नाव मिशेल मूटॉं. १९८१ साली इटलीतली सानरेमो रॅली तिने जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली रॅली बाईने जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तिची सहचालकही बाईच होती, इटलीची फाब्रिझिया पॉन्स. पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, या दोघींनी पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझीलच्या रॅली जिंकल्या. अजिंक्यपद जवळजवळ हातात आलं होतं. आयव्हरी कोस्टच्या निर्णायक रॅलीच्या तोंडावर मिशेलचे वडील गेले. ती तशीच गाडीत बसली. ती रॅली आणि त्याबरोबर अजिंक्यपद तिच्या हातून निसटलं, पण वर्षअखेर ती जगात दुसरी होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या आरएसी रॅलीतही तिचा दुसरा क्रमांक आला. बायकांना गाडी नीट चालवता येत नाही, असले विनोद करणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून.

आता गोष्टीला वळण येतं. १९८८ साली जेरेमी क्लार्कसन नावाचा पत्रकार ‘टॉप गिअर’मध्ये आला. बोलण्यात तिखट, विनोदी, कुणाचा मुलाहिजा न ठेवणारा. त्याने गाड्यांच्या परीक्षणाला चव आणली, हे मान्य केलं पाहिजे. कंपन्यांनी छापून दिलेलं गोड गोड बोलणं त्याने बंद केलं. लोक पोट धरून हसू लागले आणि बघणारे वाढले. १९९७ पासून विकी बटलर-हेंडरसन ही स्वतः शर्यतीत गाडी चालवणारी तरुणी कार्यक्रमात होती. पण २००१ मध्ये बीबीसीने तो जुना कार्यक्रम बंद केला. विकी आणि तिचे काही सहकारी दुसऱ्या वाहिनीवर गेले.

ऑक्टोबर २००२ मध्ये ‘टॉप गिअर’ नव्या रूपात परत आला. सरे परगण्यातल्या डन्सफोल्ड इथल्या जुन्या धावपट्टीवर त्याचा तळ. गाडी वळणांवरून पळवायची आणि फेरीची वेळ फळ्यावर लिहायची. परीक्षा म्हणजे मुख्यतः वेग. नव्या रूपाचे मुख्य सूत्रधार सगळे पुरुष, आणि २०१५ पर्यंत त्यात एकही बाई नव्हती. कार्यक्रम जगभर गाजला, सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या माहितीपर कार्यक्रमांत गणला गेला. मजा होती यात शंका नाही. पण ज्या गाड्या तो दाखवायचा त्यातल्या कितीतरी घेणं बघणाऱ्यांपैकी कुणालाच शक्य नव्हतं. विकत घेणाऱ्याच्या बाजूने बोलणारा कार्यक्रम आता स्वप्न दाखवणारा झाला.

तरीसुद्धा त्या पुरुषांच्या मैफलीत एक बाई येऊन गेली, आणि काय आली! जर्मनीतल्या नुरबुर्ग गावाजवळ जुना शर्यतीचा रस्ता आहे, डोंगराजंगलातून जाणारा, २० किलोमीटरहून लांब. झाबीने श्मिट्स त्या गावची लेक. आईवडिलांचं हॉटेल, आणि शिक्षणही तिने हॉटेलच्याच धंद्याचं घेतलेलं. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षं तिच्या संघाने तिथली २४ तासांची शर्यत जिंकली. त्याआधी कुठल्याच बाईने ती जिंकली नव्हती. क्लार्कसनने त्या रस्त्यावर डिझेलची जग्वार चालवून जेमतेम ९ मिनिटं ५९ सेकंदांत फेरी पूर्ण केली. झाबीने तीच गाडी ९ मिनिटं १२ सेकंदांत फिरवून आणली. वर म्हणाली, एवढ्या वेळात तर मी व्हॅनसुद्धा नेईन. आणि खरंच, माल वाहायची फोर्ड ट्रान्झिट व्हॅन तिने त्या रस्त्यावर १० मिनिटं ८ सेकंदांत नेली. दहा मिनिटांच्या आत यायचं थोडक्यात राहिलं, पण बघणारे सगळे तिचेच झाले. २०१६ मध्ये ती कार्यक्रमाची सूत्रधार झाली. मार्च २०२१ मध्ये कर्करोगाने ती गेली, वय अवघं ५१. त्या रस्त्याच्या एका वळणाला आता तिचं नाव आहे.

कार्यक्रमाचा शेवट मात्र अपघाताने झाला. अँड्र्यू फ्लिंटॉफ आठवतो? फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडे स्टेडियमवर भारताला हरवल्यावर अंगातला शर्ट काढून पळत सुटलेला इंग्लंडचा क्रिकेटपटू. २०१९ पासून तो ‘टॉप गिअर’चा एक सूत्रधार होता. डिसेंबर २०२२ मध्ये डन्सफोल्डच्या त्याच धावपट्टीवर चित्रीकरण चालू असताना त्याची तीनचाकी उघडी गाडी उलटली. चेहऱ्याला फार मोठी इजा झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने जाहीर केलं की हा कार्यक्रम आता इतक्यात परत येणार नाही. ज्या कार्यक्रमाने सुरुवातीच्या काळात सुरक्षिततेच्या गोष्टी घरोघरी नेल्या, तो माणूस जखमी होऊन थांबला.

आम्ही ही सगळी गोष्ट सांगितली ती एका प्रश्नासाठी. गाडी तपासतात ती कोणाला डोळ्यांसमोर ठेवून?

याचं एक रोखठोक उदाहरण देतो. गाडी धडकल्यावर आतल्या माणसाचं काय होतं हे बघण्यासाठी गाडीत माणसाच्या आकाराचा बाहुला बसवतात आणि गाडी भिंतीवर आदळवतात. या बाहुल्यांतला सगळ्यात जास्त वापरला गेलेला ‘हायब्रिड थ्री’ अमेरिकेत १९७६ साली तयार झाला, म्हणजे अँजेला रिपन एम-१ वर गाडी घेऊन निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी. त्याची उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन साधारण ७८ किलो. मध्यम बांध्याचा पुरुष. पुढे बाईचा म्हणून जो बाहुला आला तो याच पुरुषाला लहान करून बनवलेला, जेमतेम १५० सेंटिमीटर उंचीचा. आपली मान, छाती, कंबर यांची ठेवण वेगळी असते, आपण स्टिअरिंगच्या जवळ सरकून बसतो, हे त्यात धरलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं की सारख्याच प्रकारच्या अपघातात, दोघांनीही पट्टा बांधलेला असताना, गाडी चालवणाऱ्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त असते. सरासरी बाईच्या अंगकाठीवरून घडवलेला, १६२ सेंटिमीटर उंच आणि ६२ किलो वजनाचा बाहुला स्वीडनमधल्या अ‍ॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे ठेवला तो २०२२ साली. मधे ४६ वर्षं गेली.

पट्ट्याचंही तसंच. ब्रिटनमध्ये गाड्यांना पट्टे आले कॅसलबाईंच्या काळात, पण पुढच्या सीटवर ते बांधायची सक्ती झाली ३१ जानेवारी १९८३ ला. मधली वर्षं लोक भांडत होते की आमच्या गाडीत आम्ही काय करायचं ते सरकारने का सांगावं. आणि मागच्या सीटवरच्या मोठ्या माणसांना सक्ती व्हायला १९९१ साल उजाडलं.

मागची सीट! मैत्रिणींनो, आपल्याकडे मागच्या सीटवर कोण बसतं? लग्नाला निघालेल्या गाडीत, दवाखान्याला निघालेल्या गाडीत, देवदर्शनाला निघालेल्या गाडीत? पुढे भाऊजी किंवा सासरे, मागे आपण, मांडीवर लेकरू आणि पायाशी पिशव्या. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मोठी, महागडी गाडी होती. ते मागे बसले होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागच्या सीटवरही पट्ट्याची अंमलबजावणी सुरू केली. त्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. या आकड्यापुढे गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते, हे खरंच किती महत्त्वाचं?

आपल्याकडेही गाड्या तपासल्या जातात. पुण्यात एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था १९६६ पासून आहे. २०१४ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक चाचणी केली, तेव्हा पाचांनाही शून्य तारे मिळाले होते. तेव्हा कुठे सुरक्षिततेचं बोलणं शोरूमपर्यंत पोचलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही तारे देण्याची पद्धत सुरू झाली. मोठ्यांच्या सुरक्षिततेचे तारे वेगळे आणि मुलांच्या सुरक्षिततेचे वेगळे असतात. हे तारे काही फक्त पुरुषांनी वाचायचे नाहीत.

म्हणून उद्या घरात गाडी घ्यायची बोलणी निघाली, नवी असो की जुनी, तर चहा देऊन आत जाऊ नका. तिथेच बसा. या गाडीला तारे किती, मुलांचे किती, हे विचारा. मागच्या तिन्ही जागांना तीन जागी अडकणारे पट्टे आहेत का, ते ओढून बघा. चालवणार असाल तर सीट पुढे घेऊन बसा. पाय क्लचपर्यंत नीट पोचतो का, छाती स्टिअरिंगला फार जवळ येते का, बॉनेटपलीकडचं दिसतं का, हे स्वतः बघा. चालवत नसाल तरी मागे बसून बघा, कारण प्रवास तुम्हालाच करायचाय. विकणारा म्हणेल, ताई, मायलेज बघा, रंग बघा. त्याला बोलू द्या. तुमचे प्रश्न संपेपर्यंत उठू नका. आणि गाडी घरी आली की मागे बसणाऱ्या प्रत्येकीने पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवू देऊ नका.

कुणी हसलं, गाडीतलं तुला काय कळतं म्हणालं, तर त्यांना बार्बरा कॅसलबाईंची गोष्ट सांगा.